गोव्यात वापरलेलं मोटरहोम घ्यावं का, आणि घेतलं तर भाड्याने लावावं का?

प्रश्न थोडक्यात असा. मांद्र्यात घर असलेल्या एका वाचकांना मुंबईच्या मेहुण्याबरोबर भागीत वापरलेलं लक्झरी मोटरहोम घ्यायचं आहे. दिल्ली पासिंगची २०१७ ची टेम्पो ट्रॅव्हलर, आतून पूर्ण घर केलेली: चौघांची झोपायची सोय, शॉवर, संडास, किचन, छतावर एसी आणि सोलर. विकणारा म्हणतो, "बेचाळीस लाख घातलेत, चोवीसला सोडतो." बेत असा की वर्षातला एक महिना दोन्ही घरची मंडळी फिरतील आणि उरलेले अकरा महिने गाडी पर्यटकांना भाड्याने जाईल. घ्यावी का?

या भावात नको, आणि या बेतासाठी तर नकोच. बार्देशात माझं बॉडीकामाचं गॅरेज आहे, कॅरॅव्हॅनची दुरुस्ती मी बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे अडकून पडलेल्या बहुतेक गाड्या इंजिनामुळे अडकलेल्या नसतात. काही कागदामुळे अडकतात, काही पाण्यामुळे, आणि काही मालकाला घरचा वापर आणि भाडं दोन्ही हवं असतं म्हणून. तुमचा बेत तिसऱ्या जातीचा आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

गोव्यात पाटी बघून गाडी ओळखायची सवय आपल्याला शाळेपासून असते. पांढरी पाटी घरची, पिवळी टॅक्सीची, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे रेंट-अ-कॅब, गिऱ्हाइकाने स्वतः चालवायची भाड्याची गाडी. मोटरहोमलाही हेच लागू आहे. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत कॅम्पर व्हॅन दोन्ही यादीत आहे: वाहतुकीच्या वाहनांत, आणि 'खासगी वापरासाठी' असेल तर बिगर-वाहतुकीच्या वाहनांत. म्हणजे एकच गाडी दोन्हीपैकी कुठल्या तरी एका खात्यात बसते, अर्धी-अर्धी नाही. तुम्हाला दाखवलेली गाडी पांढऱ्या पाटीची असणार, कारण हौसेने बांधलेल्या गाड्या खासगी म्हणूनच पास करून घेतात. ती तशीच भाड्याने दिलीत तर परमिटशिवाय वाहन चालवल्याचा गुन्हा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ प्रमाणे १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. दंडाचं एक वेळ सोडा. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, आणि अपघात झाला की सर्व्हेअर पहिल्यांदा हेच विचारतो की आत बसलेले लोक तुमचे कोण. आमचे पाहुणे, असं सांगून एकदा निभावेल. पण पाहुण्यांनी यूपीआयने ॲडव्हान्स दिलेला असतो, आणि ते बोलतातही.

मग काळी पाटी घ्यावी, असं कुणीतरी सुचवेलच. रेंट-अ-कॅबची केंद्राची योजना १९८९ ची आहे. तिच्यात परवान्यासाठी किमान ५० मोटारकॅब लागतात, आणि मोटारकॅब म्हणजे चालक सोडून सहा प्रवाशांपर्यंतची गाडी. एक मोटरहोम घेऊन त्या दारातून आत जाता येत नाही. उरला पिवळ्या पाटीचा रस्ता: पर्यटक परमिट, तुमचा चालक, दरवर्षी किंवा दोन वर्षांनी फिटनेस, गाडीत ट्रॅकर आणि पॅनिक बटण, वेग-नियंत्रक. हा रस्ता स्वच्छ आहे. मात्र खासगी गाडी वाहतुकीत बदलून घेताना कराचा फरक भरावा लागतो आणि गाडी पुन्हा तपासली जाते. त्या तपासणीत काय निघेल, ते पुढे सांगतो. परमिटला गाडीच्या वयाचीही मर्यादा असते. २०१७ च्या गाडीला किती वर्षं उरतात, हे पैसे देण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्या.

आता हिशोब. आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. गाडी २४ लाखांची, आल्या आल्या ४ लाखांची दुरुस्ती धरा, झाले २८. त्यावर दहा टक्क्यांनी व्याज किंवा बुडालेलं व्याज २ लाख ८० हजार. चालकाचा पगार महिना वीस हजार धरला तर वर्षाचे २ लाख ४०. विमा, कर, फिटनेस मिळून एक लाख. टायर, बॅटरी, एसी, बॉडी याला दीड लाख. गाडीची किंमत वर्षाला तीन लाखांनी तरी उतरते. बेरीज पावणेअकरा लाखांच्या आसपास. डिझेल वजा जाऊन दिवसाला दहा हजार हातात राहतात असं मानलं, तरी एकशे सात-आठ दिवस गाडी नुसती बरोबरीत यायला पळवावी लागते. आपला खरा सीझन ऑक्टोबर ते मार्च, जेमतेम १८० दिवस. त्यात नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सोन्याचा, आणि घरच्या मंडळींना सुट्टी नेमकी तेव्हाच असते. दुसरी सुट्टी मे महिन्यात. "एक महिना आपण, अकरा महिने भाडं" या वाक्यात तो एक महिना कुठला, हे मेहुण्याशी आधी बोलून घ्या. भागीदारीतली भांडणं पैशावरून कमी आणि तारखांवरून जास्त होतात.

बेचाळीस लाख घातलेत हे खरं असेल, पण ते विकणाऱ्याच्या उपयोगाचं, तुमच्या नाही. जुनं मोटरहोम जोखताना मी आधी त्याच सालच्या साध्या ट्रॅव्हलरचा बाजारभाव काढतो. त्यावर आत जे आज माझ्यासमोर चालू होतं, त्याची निम्मी किंमत चढवतो. लाकूडकाम, गाद्या, रंगीत दिवे, चामड्याच्या सीटा यांना सहा-सात वर्षांनंतर मी शून्य धरतो. बॅटरी बँक कधी बसवली त्याचं बिल नसेल तर तीही शून्य. या पद्धतीने दिल्लीची गाडी चोवीसच्या बरीच खाली येईल. ती स्वस्त का दाखवली जाते याचं आणखी एक कारण आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. अंमलबजावणी पुढे-मागे होत राहिली, तरी तिथला मालक आठव्या-नवव्या वर्षी गाडी बाहेरच्या राज्यात ढकलायला बघतो. त्याची घाई हा तुमचा सौदा करायचा मुद्दा आहे. घासाघीस निर्धास्त करा.

आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते आधी वाचा. तिथे 'कॅम्पर व्हॅन' किंवा 'मोटर कॅरॅव्हॅन' असायला हवं. बऱ्याच गाड्यांवर 'बस' असतं, आसनं तेरा किंवा सतरा, आणि आत प्रत्यक्षात चारच सीटा, दोन बेड नि गॅसची शेगडी. काही तर शाळेच्या बस किंवा रुग्णवाहिका होत्या. कारखान्याने दिलेल्या रचनेत असा बदल कलम ५२ ला धरून नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेऊन बांधलेली गाडी असेल तर विकणारा ते कागद आधीच पुढे करतो. "दिल्लीत कुणी विचारत नाही" असं म्हणाला, तर समजून जा की कागद नाहीत. गोव्यात विचारतात. पत्रादेवीच्या सीमानाक्यावरही विचारतात.

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्याकडे मोटरहोम मरतं ते पाण्याने. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर, म्हणजे आपल्या भाषेत एकशेवीस इंच पाऊस. त्यात मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यात वाऱ्यात खार. मुंबई, गोवा, रत्नागिरीच्या गाडीचा पत्रा खालून खाल्लेला असतो. तो निदान दिसतो. दिल्लीची गाडी खालून कोरी करकरीत दिसते, लोक तिथेच भुलतात. पण उत्तरेच्या उन्हाळ्यात छतावरचं सीलंट वाळून तडकलेलं असतं. तिथे पाऊस बेताचा, त्यामुळे त्या भेगा कुणाला कळत नाहीत. ती गाडी जूनमध्ये इथे उभी राहिली की पहिल्या आठवड्यात एसीच्या कडेने, छताच्या खिडकीच्या चौकटीतून, सोलरच्या बोल्टांतून पाणी शिरतं. ते थेंब होऊन पडलं तर नशीब. बहुतेक वेळा ते छत आणि आतल्या लायनिंगच्या मधून वाहत खाली कपाटामागे जमतं आणि गणपतीपर्यंत प्लाय कुजलेला असतो.

तपासायची पद्धत साधी आहे. गाडी बंद ठेवायला सांगा आणि दार तुम्ही उघडा. पहिल्या श्वासाला कुबट वास आला की पुढचं सावध होऊन बघा. आत अत्तर मारलं असेल तर आणखी सावध. शॉवरच्या उंबऱ्याशी, संडासाभोवती, सिंकच्या खाली टाचेने जमीन दाबा. दबते का बघा. कपाटांचे मागचे कोपरे, बेडखालची पेटी, मागच्या दिव्यांची आतली बाजू, इथे हात फिरवा. लाकूडकाम पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं आहे की भुश्याच्या एमडीएफचं, ते कडेला कळतं; एमडीएफ पाणी प्यालं की पोह्यांसारखं फुगतं आणि पुन्हा बसत नाही. स्क्रूंची डोकी गंजलेली असतील तर तिथे ओल कधीतरी होतीच. ओलावा मोजायचं हातातलं यंत्र हजार-दोन हजारात मिळतं, ते न्या. आणि शेवटी पाइप लावून छतावर अर्धा तास पाणी सोडा, गाडी जरा पुढे उतरती उभी करून, मग मागे उतरती करून. विकणारा याला नको म्हणतो का, तेही बघण्यासारखं असतं.

पत्र्यापेक्षा चासीवर नजर ठेवा. बॉडी बसवताना चासीला भोकं पाडलीत का, मागे लांबी वाढवायला वेल्डिंग केलंय का, ते गाडी पिटावर घेऊनच दिसतं. वेल्डिंग दिसलं की मी गिऱ्हाइकाला तिथूनच परत आणतो.

वजनाकडे कुणी बघत नाही, आणि गोव्यासारखी वजन बघायची सोय दुसरीकडे नाही. खाणपट्ट्यात, डिचोली-साखळीकडे ट्रकांचे वजनकाटे आहेत. पाण्याची टाकी भरून, डिझेल भरून, गॅस चढवून गाडी काट्यावर घाला आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात चार माणसं, त्यांच्या बॅगा आणि विकणाऱ्याने हौसेने बसवलेला ग्रॅनाइटचा ओटा. काट्यावर मर्यादा ओलांडली तर ब्रेक, टायर आणि विमा हे तिन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात. मग ती चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात नेऊन चढवा, आणि मुख्य म्हणजे उतरवा. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी चांगली वाटते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मेलेलं असतं. सहा वर्षांवरचे टायर बदलायचेच, तो खर्च किमतीतून कापून घ्या.

गाडी ट्रॅव्हलरच्या आकाराची असेल तर लायसन्सची चिंता नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. भारतबेंझच्या मोठ्या चासीवरची बंगल्यासारखी गाडी घेतलीत तर चालक वेगळा आणि रस्तेही वेगळे. आसगाव, शिवोलीच्या आतल्या रस्त्यांवर विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या तीन मीटरवर असतात. फेरीबोटीत चढताना ओहोटीच्या वेळी रॅम्प इतका उभा होतो की मागे लांब शेपूट असलेली गाडी जमिनीला घासते. केरीहून तेरेखोलला जायची हौस असेल तर भरतीची वेळ बघून जा.

विजेचं गणित विकणारा तोंडी सांगतो, तुम्ही कागदावर करा. "लिथियम आहे, रात्रभर एसी चालतो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. घरगुती एक टनाचा एसी तासाला सव्वा युनिट ओढतो. इन्व्हर्टरचा तोटा धरला तर दोन तासांत दिवे मालवतात. दोन बॅटऱ्या असतील तर चार तास. मे महिन्यात गोव्याच्या दमट रात्री कॉम्प्रेसर फारसा थांबतही नाही. छतावर ४०० वॉटचं सोलर असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट मिळतं, आणि सावलीसाठी गाडी माडाखाली लावली की तेही गेलं. म्हणजे रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरून पंधरा अँपिअरची लाइन आणि नीट अर्थिंग लागणारच. तुम्ही गेलात की एसी सोळावर लावून ठेवा आणि घड्याळ बघा. तेवढ्यात बाकीची गाडी तपासून होते.

जनरेटर असेल तर मी कडक बोलणार. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जमिनीतल्या भोकातून आत शिरला होता. त्या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. म्हणून वायरी, पाइप, नळ्या जिथून जमिनीतून जातात ते प्रत्येक भोक बुजवलेलं हवं, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि एसी लावून माणसं झोपलेली असताना गाडीखालचा जनरेटर चालता कामा नये. भाड्याने देणार असाल तर हा नियम चालकाच्या हातात लिहून द्या. गॅसचंही तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला बाहेर उघडणारी जाळी पाहिजे. नळीवरची तारीख बघा, जोडांना साबणाचं पाणी लावा. भाड्याच्या गाडीत घरगुती सिलिंडर ठेवायचा नाही, व्यावसायिकच घ्यायचा.

भाड्याच्या जाहिरातींत गाडी वाळूत उभी असते, बाहेर खुर्च्या, शेगडीवर मासे. गोव्यात यातलं जवळजवळ काहीच करता येत नाही. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि दारू यांना २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०१९ ची दुरुस्ती करून दंड लावला. २०२२ मध्ये पर्यटन खात्याने काढलेल्या आदेशात तो ५,००० ते ५०,००० रुपये झाला. पाहुणे सांगतील "फोटोत तर होतं", आणि पावती तुमच्या गाडीच्या नंबरावर फाटेल. त्यामुळे रात्री गाडी कुठे उभी राहणार, हे बुकिंग घेण्याआधी ठरलेलं हवं: ओळखीच्या होमस्टेचं आवार, एखाद्या भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची जागा, जिथे लाइन, पाणी आणि सेप्टिक टाकी आहे. संडासाची टाकी तिथेच रिकामी होईल. ती शेतात किंवा ओहोळात सोडणारे चालक असतात, तेही गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि मग पंचायत तुमचं नाव विसरत नाही. चालक झोपणार कुठे, हेही बघा. पाहुण्यांच्या गाडीत तो झोपू शकत नाही.

एक पर्याय तुमच्याकडे आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. मांद्र्यात स्वतःची जागा आहे, तर गाडी फिरवण्याऐवजी आवारात उभी करून खोलीसारखी द्यायची. मग परमिट, चालक, टायर सगळं सुटतं आणि वेगळं खातं येतं: १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याची नोंदणी, परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणं (पूर्वीचा सी-फॉर्म), पंचायतीची परवानगी, किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. अशा वापरासाठी चोवीस लाखांची पळती गाडी कशाला? पण वर पत्र्याची शेड लागेलच, नाहीतर दोन पावसाळ्यांत मघाशी सांगितलेलं सगळं होईल.

हरमल, आगोंदला सीझनच्या शेवटी परदेशी पाटीची जुनी मर्सिडीज मोटरहोम स्वस्तात मिळतेय असंही कुणी सांगेल. त्या कार्नेटवर, म्हणजे जकात न भरता तात्पुरती गाडी आणायच्या कागदावर, ठरावीक मुदतीपुरत्या आलेल्या असतात. जकात भरल्याशिवाय त्या इथे विकता येत नाहीत. बघा, फोटो काढा, पुढे चला.

तरीही दिल्लीचीच गाडी मनात भरली असेल तर ती फक्त घरच्यांसाठी, पांढऱ्या पाटीवर, भाव उतरवून घ्या. त्याआधी अशीच एक गाडी आठवडाभर भाड्याने घेऊन दोन्ही कुटुंबं तिच्यात राहून बघा, जमल्यास पावसात. व्यवहारात टोकन थोडंच द्या आणि बाकीचे पैसे दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्यावर. सोबत नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५. दुसऱ्या राज्यातून घेतलेल्या गाडीचं नाव बदलायला कायद्याने विकणाऱ्याला ४५ आणि घेणाऱ्याला ३० दिवस असतात, विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्यायचा. तेवढ्या काळात थर्ड पार्टी चालू राहते, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं तसं नाही. विम्यात आतल्या सामानाची किंमत वेगळी जाहीर करा, नाहीतर क्लेम साध्या ट्रॅव्हलरचा मिळतो. गोव्याचा नंबर बारा महिन्यांच्या आत घ्यायचा आणि इथला रोड टॅक्स भरायचा. दिल्लीचा परतावा मागता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डीलरकडून घेत असाल तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, जानेवारी २०२५ पासून. तो पूर्ण किमतीवर लावत असेल तर बिल समजावून मागा. घरगुती विक्रेत्याला तो लागत नाही.

आज विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवा: आरसीच्या दोन्ही बाजू, चारही टायरवरचे आकडे, आणि टाक्या भरून काढलेली वजनकाट्याची पावती. ते आले की मला दाखवा, मग छतावर पाणी कसं सोडायचं ते फोनवर सांगतो. आठवडाभरात आले नाहीत तर दिल्लीचं तिकीट काढू नका.